अर्धं औत

जिभाऊंच्या दावणीला कायम एकच बैल असायचा.

आमच्याकडच्या माणसाला यातलं विचित्रपण सांगावं लागत नाही. बैल ठेवायचे तर दोन, नाहीतर ठेवूच नयेत. बाकी सगळ्यांनी ट्रॅक्टर घेतले, कापसात कोळपायला म्हणून एखादी जोडी ठेवली किंवा तीही काढून टाकली. जिभाऊंकडे दोन बैल बांधता येतील एवढी दावण होती, चारा होता, जमीन होती. तरी डावीकडचा खुंटा मोकळाच. त्या खुंट्याला त्यांची बायको, माझी मोठीमाय, कधी कोथिंबिरीची जुडी टांगायची, कधी ओलं फडकं.

जिभाऊ म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना जिभाऊ म्हणायचं, म्हणून मीही. मी शहाद्याच्या इंग्रजी शाळेत जायची. घरी पप्पा माझ्याशी शुद्ध मराठी बोलत, म्हणजे पुढे अडचण नको. जिभाऊ अहिराणीच बोलत आणि मी मराठीत उत्तर देई. खरं तर उत्तर क्वचितच देई. पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, म्हणून घरात मला मुकी म्हणत. जिभाऊ मात्र तसं म्हणत नसत. ते "माय" म्हणत. आणि मी गप्प बसले तर तेही गप्प बसत, त्यांना त्याची अडचण होत नसे.

सवयीनं ते प्रत्येक गोष्ट अर्धी करत. भाकरी हातात आली की आधी मोडून दोन तुकडे. बिस्कीट, पेरू, गुळाचा खडा, सगळ्याचं तेच. एक अर्धं खायचं, दुसरं सदऱ्याच्या खिशात किंवा फडक्यात बांधून. शेतावर जाताना त्यांचा खिसा नेहमी फुगलेला. लहानपणी मला वाटे, ते बैलासाठी नेतात. बैलाला पेरू चालतो का, असं मी एकदा विचारलंही होतं. ते हसून म्हणाले, "बईलले नई, बैलवालाले."

बैलवाला म्हणजे दित्याकाका.

दित्याकाका डोंगरातले. धरणाच्या पाण्यात त्यांचं गाव गेलं आणि आमच्या शिवाराला लागून जी वसाहत बसली तिथं त्यांना जमीन मिळाली, ती नेमकी जिभाऊंच्या शेतासमोर. मध्ये फक्त एक गाडवाट. पहिल्याच वर्षी त्यांचा एक बैल गेला. इकडे जिभाऊंच्या जोडीतला डावीकडचाही त्याच हंगामात गेला. पेरणी तोंडावर आलेली. आमच्याकडे अशा वेळी सावड करतात. तुझा एक, माझा एक, दोघांची मिळून जोडी. आज तुझं वावर, उद्या माझं. हंगाम सरला की ज्याला जमेल तो दुसरा बैल आणतो आणि सावड सुटते.

सावड सोडायची एक रीत आहे, ती इथंच सांगते. सावड सोडायची तर कोणी तोंडानं सांगत नाही. तोंडानं सांगणं बरं दिसत नाही. दुसरा बैल आणून दावणीला बांधायचा. समोरचा माणूस सकाळी आपला बैल घेऊन येतो, दावणीला दोन बघतो, समजतो आणि माघारी वळतो. त्यावर ना भांडण ना बोलणं.

जिभाऊंनी दुसरा बैल आणलाच नाही. दित्याकाकांनीही नाही. पहिले बैल म्हातारे होऊन गेले, त्यांच्या जागी दोघांनी एकेकच आणला. माझ्या आठवणीतला जिभाऊंचा बैल चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. दित्याकाकांचा भुऱ्या. भुऱ्या डाव्या अंगाला चाले आणि चालताना मान जराशी चांद्याकडे कललेली असे. माणसाला चालता चालता ऐकायची सवय असते ना, तशी.

गावात पारावर चेष्टा ठरलेली. कोणी विचारी, "जिभाऊ, दुसरा बईल कवय येवाना?"

जिभाऊ म्हणत, "अर्धं औत घरमा ऱ्हावो, अर्धं बाहेर. मंग मानूसले मानूसनी गरज ऱ्हास." आमच्या बोलीत ऱ्हास म्हणजे राहते.

एकदा एकानं जरा पुढं जाऊन म्हटलं, "जोडी बैलस्नी शे का तुम्हनी दोन्हीस्नी?"

पारावर हशा उसळला. जिभाऊही हसले आणि म्हणाले, "दोन्ही." मग हशा आणखी मोठा झाला आणि त्या मोठ्या हशात ते उठून चालते झाले. चेष्टेत ते काहीही बोलू शकत. त्यांचं खरं काय होतं ते नेहमी हशाच्या आड ठेवलेलं असे.

मोठीमाय त्याहून तिखट. नदीवर, पापड लाटताना, लग्नघरी ती स्वतःच सांगे, "बाकीस्नी सवतले चोटी ऱ्हास, मन्ही सवतले शिंगं शेतस." बायका पोट धरून हसत. मोठीमाय मात्र लाटत राही.

मी नऊ-दहा वर्षांची असताना दित्याकाकांना नावानं हाक मारली होती. "दित्या, बैल सुटलाय." गावात लहान मुलंही वसाहतीतल्या माणसांना अशीच हाक मारत, मी तेच ऐकलेलं. जिभाऊ माझ्यावर कधी ओरडले नाहीत. तेव्हाही नाही. हातातला कासरा खाली ठेवला, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "काका म्हन त्यास्ले."

मी म्हटलं, "दित्याकाका."

"आते सांग, काय सुटनं?"

"बैल."

"मंग धराले जातस आम्ही." आणि दोघं बैलामागे पळाले. दोन मोठी माणसं पपईच्या ओळींमधून हसत पळताना मी पहिल्यांदाच पाहिली.

त्या गाडवाटेचंही सांगायला हवं. गाडीच्या चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या, मध्ये गवताचा पट्टा. एक चाकोरी आमच्या वावराकडची, दुसरी दित्याकाकांच्या. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना जिभाऊ त्यांच्या चाकोरीतून चालत, दित्याकाका त्यांच्या. बैल मागे. मधल्या गवतावर पाय कोणाचाच पडत नसे. बोलणं मात्र त्या गवतावरून चाले. काय बोलत ते मला कधी ऐकू आलं नाही. जवळ गेलं की बोलणं कापसावर येई.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो. त्या दिवशी कोमट पाण्यानं खांदा धुवायचा, हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. ते बैलाचं आमंत्रण. उद्या त्याला जू नाही, तो पाहुणा.

मी तेव्हा बारा वर्षांची असेन. मोठीमायनं मला हळद-तुपाची वाटी घेऊन शेतातल्या झोपडीवर पाठवलं होतं. वाटी देऊन मी बाहेर ज्वारीच्या पेंढ्यांवर बसले. माझं असं होई. कोणी हाकललं नाही की मी तिथंच राही आणि थोड्या वेळानं लोक विसरत की मी आहे.

चांद्याचा खांदा झाला, भुऱ्याचा झाला. आवतण देऊन झालं. वाटीत अजून उरलं होतं. दित्याकाकांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "तू बी खांद दे."

जिभाऊंना त्या वर्षी खांदा धरला होता, हात वर जात नसे. त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली आणि पाठ करून बसले. दित्याकाका चोळू लागले. बैलाला चोळतात तसंच, अंगठ्यानं, घट्टा शोधत. मग चेष्टेच्या सुरात त्यांच्या कानाशी म्हणाले, "आवतन घ्या, सकाय जेवाले या."

दोघं हसले. मग हसणं थांबलं. हात थांबला नाही.

मी बराच वेळ तिथं बसले होते. जिभाऊंचे डोळे मिटलेले होते. घरात, देवासमोर, झोपेतसुद्धा, त्यांचा चेहरा इतका सैल मी कधी पाहिला नव्हता. नंतर शाळेत, टीव्हीवर, मोबाईलवर मला या सगळ्याला इंग्रजी शब्द मिळाला. तो बरोबरही होता. पण त्या दोघांकडं बघताना तो मला कधी आठवला नाही. मला ते हळदीचे हातच आठवत.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, मोठीमाय दगडावर कपडे धूत होती. जिभाऊंच्या सदऱ्यावर, खांद्यामागे, पिवळी बोटं उठलेली. स्वतःचा हात पोचणार नाही अशा जागी. तिनं साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. पिवळी बोटं लाल झाली. मोठीमाय ती बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाई निंघस नई." सदरा उलटा करून तिनं वाळत घातला, डाग आतल्या बाजूला येईल असा.

त्याच दुपारी वेशीवर बैलांची रांग लागली. मानाची जोडी पुढे, मग बाकीच्या. जिभाऊ चांद्या आणि भुऱ्या दोघांना घेऊन रांगेत उभे राहिले, शेजारी दित्याकाका, डोक्याला नवा फेटा. मागून कोणीतरी म्हणालं, "जिभाऊ, हाऊ बईल आपला गावना नई."

जिभाऊंनी वळूनही पाहिलं नाही. "बईलले गाव नई ऱ्हास भो. जू ऱ्हास."

तोरण सुटलं, बैल घरोघर निघाले. आमच्या दारात मोठीमाय ताट घेऊन उभी. चांद्याच्या पायावर पाणी, कपाळाला कुंकू, तोंडात पुरणपोळी. मग भुऱ्याला तसंच, अगदी तेवढंच. ताटात एक पोळी उरली. ती तिनं दित्याकाकांसमोर धरली आणि म्हणाली, "ल्या. तुम्हीबी जुपेलच शेतस."

दारातले सगळे हसले. दित्याकाकांनी दोन्ही हातांनी पोळी घेतली, कपाळाला लावली. ते हसले नव्हते. मोठीमायही नाही.

हे असंच चाललं असतं. गाव सगळं जाणून होतं आणि चेष्टा करून ते झाकतही होतं. जोवर एक बैल इकडे आणि एक तिकडे, तोवर दोन माणसांनी रोज भेटायला कारण होतं आणि त्या कारणाला कोणी नाव ठेवू शकत नव्हतं. जिभाऊंची सगळी दौलत म्हणजे तो रिकामा खुंटा.

माझं कॉलेज संपलं आणि पहिलं स्थळ आलं. पाहुणे बोलके होते. चहा झाल्यावर मुलाच्या मामानं अंगणात फेरी मारली, दावण बघितली आणि पप्पांना हसत विचारलं, "तुमच्या मोठ्या भावाचा एकच बैल कसा? आमच्या गावापर्यंत गोष्टी आहेत बुवा त्याच्या." पप्पा कॉलेजात शिकवतात, एरवी बोलण्यात कोणाला हार जात नाहीत. त्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना पुन्हा चहाचं विचारलं. ते स्थळ पुढे गेलं नाही. मला वाईट वाटलं नाही, पण ते माझं मी ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात पप्पा गुरांच्या बाजारात गेले. जिभाऊ तेव्हा नात्यातल्या एका कार्यासाठी नंदुरबारला गेलेले. संध्याकाळी टेम्पोतून एक बैल उतरला. अगदी चांद्याच्या रंगाचा, चांद्याच्या उंचीचा. पप्पांनी स्वतः तो डावीकडच्या खुंट्याला बांधला. मोठीमाय कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन बघत राहिली.

"आनू नको व्हता, भाऊ," ती म्हणाली.

"अहो वहिनी, आता वय झालं त्यांचं. रोज कोणाच्या तरी वाटेकडं डोळे लावून बसायचं. आपल्या घरची जोडी असली म्हणजे बरं," पप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिभाऊ यायच्या आधी दित्याकाका आले. नेहमीसारखे, भुऱ्याचा कासरा खांद्यावर टाकून. अंगणाच्या तोंडाशी थांबले. मी ओट्यावर दात घासत होते. त्यांनी दावण पाहिली. मग मला पाहिलं. काहीतरी सांगावं असं मला वाटलं, पण तोंडातला ब्रश काढेपर्यंत त्यांनीच आधी सांगितलं. "जिभाऊले सांग, जोडी चांगली शे."

भुऱ्या वळेना. त्याला चांद्या दिसत होता. दित्याकाकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, हळू काहीतरी म्हणाले, त्यांच्या घरच्या बोलीत. मग तो वळला.

दुपारी जिभाऊ आले. पप्पा कौतुकानं पुढं झाले, "जिभाऊ, बगा, जोडी व्हयनी."

जिभाऊ खुंट्याकडं बघत उभे राहिले. मी निरोप सांगितला, जसाच्या तसा. त्यांनी मान हलवली. खिशातून अर्धा पेरू काढला, हातात धरला, पुन्हा खिशात ठेवला. मोठीमाय चुलीपासून उठून दारात आली आणि पप्पांना म्हणाली, "तुम्ही बईल नई आना. मानूस काढी दिधा."

मी पप्पांना पुढे एकदाच विचारलं, तुम्हाला रीत माहीत होती का? ते म्हणाले, "मला वाटलं, जिभाऊ खूश होतील." हे म्हणताना ते माझ्याकडं बघत नव्हते.

जिभाऊ दुसऱ्या सकाळी एकटा चांद्या घेऊन गाडवाटेच्या तोंडाशी उभे राहिले. त्यांना वाटलं असावं, एकच बैल पाहिला की दित्या समजेल. तिसऱ्या सकाळीही उभे राहिले. दित्याकाका आले नाहीत. वसाहतीतलं त्यांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. जिभाऊ तेवढं चालून गेले नाहीत. सावड सुटल्यावर माणूस समजुतीनं बाजूला होतो, त्याच्या दारी जाऊन बोलायचं नसतं. तशी रीत नव्हती. आणि जिभाऊंकडे रीतीखेरीज दुसरी भाषा नव्हती.

थोड्याच दिवसांत कळलं की दित्याकाकांनी जमीन बटाईनं, वाट्यानं दिली आणि भुऱ्याला घेऊन ते डोंगरातल्या मोलगीच्या वरच्या पाड्यावर बहिणीकडे गेले. मुलगा गुजरातेत कामाला, बायको कधीच वारलेली. त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

नवा बैल जिभाऊंनी जुवाला लावला नाही. चारापाणी वेळेवर करत, अंगावर हातही फिरवत. त्याचा काय दोष, म्हणत. मोठीमाय त्याला पाहुणा म्हणू लागली. शेताला पप्पांनी ट्रॅक्टर सांगितला. जिभाऊ रोज चांद्याला मात्र शेतावर नेत आणि न जुंपता परत आणत.

मी पुण्याला नोकरीला लागले होते. थंडीत सुट्टीवर आले तेव्हा एके सकाळी ते माझ्या उशाशी येऊन म्हणाले, "माय, मोलगीना बाजारले संगे चाल. तू काही इचारस नई, म्हनीसन."

तळोद्याहून जीप केली. घाटात जीप गच्च भरलेली, मांडीवर कोंबड्या, टपावर माणसं. जिभाऊ खिडकीशी, खिसा फुगलेला.

बाजारात दित्याकाका एका झाडाखाली भगर आणि उडदाचे दोन ढीग मांडून बसले होते. वाळले होते. जिभाऊंना पाहून उठले नाहीत, फक्त बसायचं पोतं जरा सरकवलं. जिभाऊ त्यावर बसले. दोघं शेजारी, बाजाराकडं तोंड करून. मी दुसऱ्या टोकाला.

"उना का?" आलास का, असं दित्याकाकांनी विचारलं.

"उनू."

गिऱ्हाईक आलं, गेलं.

"चांद्या कसा शे?"

"उभा ऱ्हास. भुऱ्या?"

"बहीनना बैलसंगे चालस. पन मान आजूनबी तिकडेच कलावस."

जिभाऊंनी खिशातून पेरू काढला. घरून अर्धा करूनच आणला होता. दित्याकाकांनी घेतला, खाल्ला नाही.

"तो बईल तू आना?"

"मी नई आना."

"हाई तू तवय सांगाले जोयजे व्हतं."

जिभाऊ म्हणाले, "औत अर्धं शे, दित्या."

"औतनं नको सांगू," दित्याकाका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुन्हं सांग."

जिभाऊंनी माझ्याकडं पाहिलं. मी उठले आणि काहीतरी घ्यायचं म्हणून मिरच्यांच्या दुकानाकडं गेले. तिथून दोघं दिसत होते. जिभाऊंचे ओठ हलले, थांबले. हातानं त्यांनी जमिनीवर एक रेघ ओढली, तिच्या शेजारी दुसरी. बराच वेळ ते त्या दोन रेघांकडं बघत होते. मी परत आले तेव्हा दित्याकाका हसत होते, पण ते हसू दमलेलं होतं.

"ऱ्हाऊ दे आते," ते म्हणाले. "पोयाना आदला दिन बईलस्ले आवतन देतस ना? तसं माले दे. तोंडथून. मी येसू."

"देसू," जिभाऊ म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये ते घाटाकडं बघत होते आणि एकदा, फक्त एकदा, स्वतःशीच म्हणाले, "पोयाले वखत शे आजून."

उन्हाळ्यात तळोद्याच्या जीपवाल्यानं निरोप आणला. दित्याकाकांना ताप आला होता. चार-सहा दिवस. पाड्यावरून खाली आणेपर्यंत ते राहिले नाहीत. सगळं कधीच उरकलेलं होतं.

तेव्हा मी पुण्यात होते, मोठीमायनं फोनवर सांगितलं. जिभाऊ काय करतात, मी विचारलं. ती म्हणाली, भाकरी मोडून बसलेत. खाताहेत का? "अर्धी खादी," ती म्हणाली. मग पुढं, "मी उरेल अर्धी बांधी दिधी फडकामा. लई ग्या वावरमा." तिला आयुष्यभर ज्याची सवत म्हणून चेष्टा करावी लागली, त्याच्या वाटणीची भाकरी ती बांधून देत होती.

दुःख करायला जिभाऊंना नातं नव्हतं. सुतक नाही, दहावं नाही, कोणी भेटायला येणं नाही. गावातला दूरचा कोणी गेला तरी ते डोकं भादरत. यावेळी दाढीसुद्धा वाढवता आली नाही. पारावरची चेष्टा मात्र आपोआप बंद झाली. लोक त्यांना पाहून बाजूला सरत आणि मला वाटतं ते त्यांना जास्त लागत असावं. पप्पांनी त्या पाहुण्या बैलाला गाजावाजा न करता बाजारात परत नेलं. खुंटा पुन्हा मोकळा झाला. त्याला काही टांगायचं मोठीमायनं सोडून दिलं.

मी जिभाऊंना शेवटचं पाहिलं ते गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी.

मी गावी पोचले तेव्हा दुपार कलली होती. ते शेतावर गेलेत, हळद-तूप न्यायचं राहिलंय, असं म्हणत मोठीमायनं वाटी माझ्या हातात दिली, लहानपणी देत असे तशी. मी गाडवाटेनं निघाले. आता सगळे पलीकडच्या नव्या डांबरी रस्त्यानं जातात, ट्रॅक्टरही तिकडूनच. ही वाट जिभाऊंखेरीज कोणी वापरत नाही. पावसाळ्याचे दिवस, बांधावर कमरेएवढं गवत, मधल्या पट्ट्यात गुडघ्याएवढं. चालता चालता माझ्या लक्षात आलं की चाकोऱ्या दोन्ही मोकळ्या आहेत. आमच्या वावराकडची मोकळी असणारच. पण दुसरीतही गवत नव्हतं. चांगली तुडवलेली, गुळगुळीत, रोज कोणी चालत असल्यासारखी. मी एकटी होते आणि खरं सांगते, मला मागं वळून बघवेना.

झोपडीशी जिभाऊ चांद्याचा खांदा धूत होते. चांद्याही म्हातारा झालेला. मी वाटी दिली आणि जुन्या जागी बसले. त्यांनी चांद्याला हळद-तूप चोळलं, त्याच्या कानाशी आवतण दिलं. वाटीत उरलं होतं. ते वाटी घेऊन उठले, वाटेपर्यंत आले आणि समोरच्या वावराकडं तोंड करून उभे राहिले. तिथं आता बटाईवाल्याचा कापूस.

मग ते बोलले. चेष्टेच्या सुरात नाही. हाक मारतात तसं, मोठ्यानं, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं. वसाहतीच्या पहिल्या घरांपर्यंत गेलं असेल.

"दित्या! आवतन घे! सकाय जेवाले ये!"

कापसात निंदणाऱ्या दोन बायका उभ्या राहून बघू लागल्या. जिभाऊंना त्यांची फिकीर नव्हती. ते थांबले होते, उत्तराला जेवढं थांबायचं तेवढं. मग त्यांनी वाटीतली उरलेली हळद बोटांवर घेतली आणि डावा हात उजव्या खांद्यावरून मागे नेला. हात पोचत नव्हता. जेवढा पोचला तेवढ्यावर फिरवला.

"चाल माय," मला म्हणाले. "तू व्हय पुढे."

मी पुढे झाले, आमच्या वावराकडच्या चाकोरीतून. मागून चांद्याचे खूर वाजत होते, पण आवाज जरा बाजूनं येत होता. वळणावर मी वळून पाहिलं. सकाळी ते आपल्या चाकोरीतून गेले असणार. आता परत येताना ते दुसरीतून चालत होते. मधल्या गवतावर पाय न टाकता, सावकाश. मान माझ्यामागं रिकाम्या राहिलेल्या आपल्या चाकोरीकडं कललेली, चालता चालता ऐकावं तशी.